जुनी स्पोर्ट्स कार घरच्या घरी सांभाळताना: सुरुवात कुठून करायची

गाडी ताब्यात आली त्या रात्री मी एक यादी केली होती. भारदस्त आवाजाचा सायलेन्सर, रुंद टायर, लाकडी स्टिअरिंग. चौथ्या दिवशी एका लांब उतारावर ब्रेकचं पेडल पायाखाली स्पंजासारखं मऊ होत गेलं. गाडी थांबली, पण मला हवी होती तिथे नाही, बरीच पुढे. घरी येऊन ती यादी फाडली आणि दुसरी केली. हा लेख म्हणजे ती दुसरी यादी, पुढच्या काही वर्षांत केलेल्या चुकांनी सुधारलेली.

तुम्हीही नुकतीच २५–३५ वर्षांची दोन दारांची गाडी घेतली असेल, हात काळे करायची हौस असेल आणि नेमकी सुरुवात कुठून करावी ते उमजत नसेल, तर एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. अशा गाड्या पळून जितक्या खराब होत नाहीत तितक्या उभ्या राहून होतात. 'मीटरवर फक्त ६० हजार किलोमीटर' हे ऐकून घेणारा खूश होतो, पण रबराला किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात. होज पाइप, सील, बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी तुकडे), बेल्ट, टायर, वायरींवरचं आवरण, सगळं बंद गॅरेजातही म्हातारं होत असतं. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी गाडी थांबली पाहिजे, मग ती पेटता कामा नये, मग तापता कामा नये. पळण्याचं त्यानंतर बघू. चकाकी सगळ्यात शेवटी.

१. आधी कागद, मग पाना

पहिला आठवडा बॉनेट उघडू नका असं मी सांगणार नाही, कारण ते कोणीच ऐकत नाही. पण एवढं जमवा:

- तुमच्याच मॉडेलचं आणि तुमच्याच वर्षाचं कारखान्याचं वर्कशॉप मॅन्युअल
- वायरिंग डायग्राम, शक्यतो मोठ्या कागदावर छापलेला
- चॅसी नंबर, इंजिन नंबर आणि रंगाचा कोड (पत्र्यावरच्या पट्टीचा फोटो काढून ठेवा)
- आधीच्या मालकांची सर्व्हिस बिलं
- एक जाड वही

'तुमच्याच वर्षाचं' हे शब्द उगाच घातलेले नाहीत. एकाच नावाची गाडी वर्षानुवर्षं बनते आणि आतून बदलत जाते. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ पासून १९८० पर्यंत बनली. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे, नंतर निगेटिव्ह. चुकीच्या वर्षाचा डायग्राम बघून बॅटरी जोडली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

बिलांच्या बाबतीत माझा नियम कठोर आहे: टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि झडपांची वेळ जुळवणारा पट्टा) 'बदललाय' असं तोंडी सांगितलं आणि बिल नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरायचं.

वहीत तारीख, मीटरचा आकडा, काय काढलं, कोणता सुटा भाग बसवला हे लिहा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, वायरी, कॉइल आणि पेट्रोल फिल्टर एकाच दुपारी बदलले आणि गाडी सुरूच झाली नाही, तर शोधणार कुठे? मी हे केलं आहे. शेवटी दोष निघाला तो नव्या कोऱ्या वायरीत.

२. हत्यारं: थोडी, पण चांगली

- सहा कोनी सॉकेट सेट आणि रिंग पाने (बारा कोनी सॉकेट गंजलेल्या बोल्टची डोकी गोल करतात)
- टॉर्क रेंच, जमल्यास दोन: एक लहान बोल्टसाठी, एक चाकांच्या नटांसाठी
- मल्टिमीटर
- ट्रॉली जॅक, चार अ‍ॅक्सल स्टँड, चाकाला लावायच्या पाचरी
- गंज सैल करणारं तेल, वायर ब्रश, फिलर गेज (बारीक फटी मोजायच्या पट्ट्या)
- सेफ्टी चष्मा, हातमोजे आणि पेट्रोलची आग विझवू शकेल असा अग्निशामक

जपानी गाडी असेल तर आणखी एक. तिच्यावरचे अधिक-चिन्हाचे स्क्रू फिलिप्स वाटतात, पण बहुतेक वेळा ते जेआयएस म्हणजे जपानी मापाचे असतात. फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, घसरतो आणि खाच खाऊन टाकतो. जेआयएस स्क्रू ड्रायव्हर घ्या. कार्ब्युरेटरवरचे, ब्रेक मास्टर सिलिंडरच्या (पेडलचा दाब फ्लुइडला देणाऱ्या भागाच्या) झाकणावरचे स्क्रू निमूटपणे सुटतील.

टॉर्क रेंचला 'हाताला अंदाज आहे' म्हणून टाळू नका. १० मिलिमीटरच्या पान्याने फिरणारा ६ मिलिमीटरचा बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरला घट्ट होतो, म्हणजे मनगटाच्या जोराला. खांद्याचा जोर लावला की अ‍ॅल्युमिनियममधले आटे जातात. माझे गेले आहेत, आणि तेही टॅपेट कव्हरवर, जिथून पुढे वर्षभर तेल झिरपत राहिलं.

३. गाडीखाली जाण्याआधी

इथे थट्टा नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली अंगाचा कोणताही भाग घालायचा नाही. जॅकचं सील फुटलं तर गाडी सांगून खाली येत नाही. पक्की, सपाट जमीन, जमिनीवरच्या चाकांना पाचरी, दोन्ही बाजूंना अ‍ॅक्सल स्टँड. स्टँडवर टेकल्यावर गाडी हाताने जोरात हलवून बघा. पडायची असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे. काढलेलं चाक आडवं करून दारांच्या खालच्या पट्टीखाली, म्हणजे सिलखाली, सरकवून ठेवा.

जुन्या गाडीत एक जादा धोका असतो: जॅक लावायची जागाच गंजलेली असू शकते. वरून रंग शाबूत आणि आत भुसा. आधी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज आला तरच जॅक लावा.

बंद जागेत इंजिन चालवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

४. ब्रेक: सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळ इथे

ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. ताज्या डॉट ४ (ब्रेक फ्लुइडचा एक दर्जा) फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शिरलं की मानकानुसार तो १५५ पर्यंत उतरलेला चालतो. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. उतारावर सतत ब्रेक लागले की कॅलिपर (चाकाजवळ पॅड दाबणारा भाग) तापतो, फ्लुइड उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. फ्लुइड दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. माझं पेडल मऊ झालं ते त्यामुळे. बाटलीतलं फ्लुइड तेव्हा चहाच्या रंगाचं झालं होतं आणि मी ते बघूनही पुढे गेलो होतो.

तेव्हा पहिलं काम: सगळं फ्लुइड बदलून हवा काढायची. बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, पण तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तोच पाळा. हवा काढण्याच्या निप्पलला आदल्या रात्री गंजाचं तेल लावून ठेवा. निप्पल पोकळ असतो, चटकन तुटतो.

आता ते सापळे, ज्यांत जवळजवळ प्रत्येक नवा माणूस अडकतो.

पेडल तळापर्यंत दाबणे. मास्टर सिलिंडरचा पिस्टन रोजच्या वापरात नळीच्या थोड्याच भागात फिरतो. पुढच्या न वापरलेल्या भागात गंज आणि गाळ बसलेला असतो. हवा काढताना मदतनीस पेडल जमिनीला टेकवतो, रबरी सील त्या खरखरीत भागावरून जातं आणि फाटतं. कालपर्यंत चालणारा मास्टर सिलिंडर आज निकामी. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

डॉट ५ ला डॉट ४ ची पुढची पायरी समजणे. डॉट ५ सिलिकॉनचं असतं आणि डॉट ३, ४ किंवा ५.१ मध्ये मिसळत नाही. नाव फसवं आहे, बाटली नीट वाचा.

साधं ग्रीस वापरणे. कॅलिपरच्या सरकत्या पिनांना खनिज तेलाचं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन अडकते. सिलिकॉन ग्रीस किंवा खास ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा.

लवचीक रबरी होज विसरणे. बाहेरून धडधाकट दिसणारा होज आतून सुजतो. ब्रेक दाबल्यावर फ्लुइड जातं, पण सोडल्यावर परत येत नाही, आणि एक चाक धरून राहतं. लोक कॅलिपर बदलतात, दोष तसाच राहतो. होजचं वय माहीत नसेल तर सगळे बदलून टाका.

जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओली करून पुसा. फ्लुइड रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतील.

ब्रेकचं काम तुम्ही पहिल्यांदाच करत असाल तर पूर्ण झाल्यावर जाणकार मेकॅनिककडून एकदा तपासून घ्या. यात कमीपणा काही नाही. मी आजही घेतो.

५. पेट्रोलची वाट

जुन्या रबरी पेट्रोल पाइपला बोटाने वाकवा. बारीक भेगा दिसल्या, किंवा पाइप चिकट वा कडक लागला, तर तो बदलायचा. १९८०–९० च्या दशकांतले पाइप आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनलेले नव्हते. इथेनॉल चालेल असं लिहिलेलाच पाइप घ्या, आणि फ्युएल इंजेक्शन असेल तर दाब सोसणारा. कार्ब्युरेटरचा पाइप इंजेक्शनच्या गाडीला लावणं म्हणजे गरम एक्झॉस्टवर पेट्रोलचा फवारा मारण्याची तयारी.

इंजेक्शनच्या लाइनमध्ये इंजिन बंद असतानाही दाब असतो. पाइप काढण्याआधी फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग बॅटरी सोडा. तरीही फडकं गुंडाळूनच क्लॅम्प सैल करा.

वर्षभर उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीतलं पेट्रोल आधी काढून टाका. त्याला वार्निशसारखा वास येत असेल तर फिल्टरही बदला.

६. गरम होणं

रेडिएटर, सगळे होज, थर्मोस्टॅट, झाकण, कूलंट. हे सगळं एका शनिवारी होतं. झाकणाकडे दुर्लक्ष होतं, पण दाब धरून ठेवणारं तेच आहे, आणि दाब गेला की कूलंट लवकर उकळतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. नळाचं पाणी नको, क्षार बसतात. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं. सांडलेलं पाळीव प्राणी चाटतात, म्हणून लगेच धुवा.

इंजिन गरम असताना झाकण उघडू नका, हे तुम्हाला माहीत असेलच. हवा अडकण्याचं मात्र सहसा कोणी सांगत नाही. टोयोटा एमआर२ सारख्या गाडीत इंजिन सीटच्या मागे आणि रेडिएटर पुढे, मध्ये गाडीखालून लांब पाइप. नुसतं वरून कूलंट ओतलं तर हवा आत अडकते आणि काटा अचानक लाल पट्ट्यात जातो. अशा गाडीत हवा काढायच्या जागा मॅन्युअलमध्ये दिलेल्या असतात, त्या क्रमाने उघडायच्या.

७. टायमिंग बेल्ट आणि तेलं

बेल्टला दोन मुदती असतात, किलोमीटरची आणि वर्षांची. जी आधी संपेल ती खरी. पोर्श ९४४ सारख्या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन झडपांवर आदळतात आणि हेड उतरवावं लागतं. काही इंजिनांत झडपांना जागा उरते, नुसती गाडी थांबते. तुमचं इंजिन कोणत्या जातीचं ते आजच शोधून काढा. बेल्टबरोबर टेन्शनर, वॉटर पंप आणि पुढची ऑइल सील बदला, कारण तिथवर पोचायचे कष्ट पुन्हा घ्यायची इच्छा होत नाही.

तेलाचं म्हणाल तर प्रत्येक गाडीची खोड वेगळी. ड्राय संप (तेल वेगळ्या टाकीत ठेवायची रचना) असलेल्या जुन्या एअर-कूल्ड पोर्श ९११ मध्ये तेलाची पातळी इंजिन गरम आणि चालू ठेवून, सपाट जागेवर बघतात. थंड इंजिनाची डिपस्टिक बघून तेल ओतणारा ते हमखास जास्त भरतो. माझदा आरएक्स-७ चं रोटरी इंजिन तेल पितं ते बिघाड म्हणून नाही. सील ओलं राहावं म्हणून पंपच थोडं तेल आत सोडतो. तिथे दर काही दिवसांनी डिपस्टिक बघणं हीच देखभाल.

गिअरबॉक्सचं तेल बदलताना आधी भरायचा नट सैल करा, मग खालचा काढा. तेल निघून गेलं आणि वरचा नट हलेचना, तर गाडी जागची हलणार नाही.

अडकलेल्या बोल्टविषयी इथेच सांगतो. रात्री तेल, सकाळी पुन्हा तेल. आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने, मग सैल. अर्धा आटा सुटला की परत थोडा आत, पुन्हा बाहेर. चिडलात की पाना खाली ठेवा आणि आत जाऊन बसा. माझे तुटलेले बोल्ट बहुतेक रात्री अकराच्या पुढचे आहेत.

८. वीज: भुतं नसतात, अर्थिंग असतं

दिवे मंद, काटे नाचतात, इंडिकेटर दिला की वायपर हलतो. अशा गाडीला लोक 'झपाटलेली' म्हणतात. पुष्कळदा कारण बॉडीला जोडलेली एखादी गंजलेली अर्थ वायर असते. सुटे भाग विकत घेण्याआधी मल्टिमीटर लावा.

पूर्ण चार्ज झालेली, काही तास स्वस्थ असलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. १२.६ च्या वर चढतच नसेल तर आल्टरनेटर, त्याचा बेल्ट आणि वायरी बघा. मग मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसलं तर इंजिनची अर्थ पट्टी सोडवून, घासून, ग्रीस लावून परत बसवा. एवढ्याने 'गेलेला' स्टार्टर जिवंत झालेला मी पाहिला आहे.

गाडी दोन दिवस उभी राहून बॅटरी उतरत असेल तर निगेटिव्ह केबलच्या मध्ये मल्टिमीटर अँपिअरवर लावा. सगळं बंद असताना ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त जात असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडला, चोर त्या सर्किटमध्ये. बहुतेक वेळा आधीच्या मालकाने बसवलेला स्टिरिओ किंवा अलार्म सापडतो. मीटर असा जोडलेला असताना स्टार्टर मारू नका, त्याचा फ्यूज उडेल.

फ्यूज उडतोय म्हणून मोठा बसवू नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते.

९. गंज कुठे लपतो

दिसणारा गंज फारसा वाईट नसतो. सिल, चाकांच्या कमानीची आतली कड, बॅटरीचा ट्रे, बूटमधल्या गालिच्याखालची जागा, काचेच्या रबराखालची पट्टी, हे सगळं बोटांनी चाचपा. उघड्या छताच्या गाडीत पाणी निघून जायच्या नळ्या असतात. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये त्या सीटमागे छताच्या कडेला आहेत. पानांनी आणि मातीने त्या तुंबल्या की पाणी आत साठतं आणि सिल आतून कुजतं. दर मोसमात लवचीक नायलॉनची दोरी घालून साफ करा. तार नको, नळी फाटते.

गाडीचा मुख्य ढाचा कुजला असेल तर ते घरचं काम नाही. पत्रा कापून चिकटवून वर रंग मारलेला दिसला तर तिथे नीट वेल्डिंग करून घ्या.

१०. टायर आणि सस्पेन्शन

टायरवर चार आकडी कोड असतो: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३११४ म्हणजे २०१४ चा ३१ वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे, नक्षी कितीही खोल असो, काढून टाका. दहा वर्षांपुढचा टायर मी तरी वापरत नाही.

रबरी बुश बदलताना एक चूक हटकून होते. चाकं हवेत लटकत असतानाच बोल्ट पूर्ण आवळले जातात. मग गाडी खाली येते आणि बुश कायम पिळलेला राहतो. काही महिन्यांत फाटतो आणि 'सुटा भाग खराब होता' असं वाटतं. बोल्ट सैल ठेवा, चाकांवर वजन येऊ द्या, मग आवळा. त्यानंतर अलाइनमेंट करून घ्या.

११. पहिली फेरी आणि नंतरचं उभं राहणं

काम झाल्यावर पहिली फेरी घराभोवतीच. निघण्याआधी ब्रेकचं पेडल घट्ट होईपर्यंत दाबा, कारण पॅड बदलल्यावर पहिल्या दाबाला ते खाली जातं. मी हे एकदा विसरलो आणि गॅरेजचं दार बदलावं लागलं. चाकांचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा, आणि ५०–१०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा तपासा. परत आल्यावर खाली पुठ्ठा पसरून गाडी रात्रभर उभी करा. सकाळी डाग कुठे आणि कोणत्या रंगाचा ते बघा: काळपट असेल तर इंजिन ऑइल, लालसर असेल तर बहुधा पॉवर स्टिअरिंग किंवा ऑटो गिअरचं, हिरवा किंवा गुलाबी आणि चिकट असेल तर कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर ओल असेल तर गाडी हलवू नका, आधी ब्रेक उघडा.

महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर आठवड्यातून पाच मिनिटं इंजिन चालवू नका. इंजिन पुरतं तापत नाही, आत झालेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये राहतं. एकतर अर्धा तास नीट चालवून आणा, नाहीतर अजिबात सुरू करू नका. ताजं ऑइल, टायरमध्ये थोडी जास्त हवा, बॅटरीला मेन्टेनन्स चार्जर. हँडब्रेक ओढून ठेवू नका, शू ड्रमला चिकटतात. त्याऐवजी चाकांना पाचरी लावा, आणि हवेच्या फिल्टरच्या तोंडात उंदीर शिरू नयेत म्हणून फडकं कोंबलं असेल तर तसं चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी स्टिअरिंगला बांधून ठेवा.